दोन ओट्या

परवा वाईला आमच्या घरी नातीचं बारसं झालं. धाकट्या लेकीचं पहिलंच बाळंतपण, तेही माहेरी. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी यांत माझे बारा दिवस भुर्रकन गेले. त्यातच, बाळ चार दिवसांचं असताना, लेकीचा बी.ए.चा निकाल लागला. पहिल्या वर्गात पास!

बारावी होताच तिचं लग्न झालं आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. पुढे सहा वर्षांनी तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातलं. १९८९ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ अशा राहून गेलेल्यांसाठीच आहे. पुस्तकं घरी वाचायची, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जायचं, परीक्षा मात्र केंद्रावर बसून द्यायची. शेवटच्या वर्षाचे पेपर आले तेव्हा तिला सातवा महिना होता. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मी ताकाची बाटली घेऊन खाली जिन्याशी बसायची. तीन तासांनी ती कठडा धरून उतरायची, तेव्हा सुजलेल्या पायांवर चपलेचे पट्टे रुतलेले दिसायचे.

निकालानंतर बाळंतिणीला भेटायला बायका येतच होत्या. वजन किती भरलं, रंग कुणाचा, दूध पुरतंय का, सगळं विचारून झालं. निकालाचं एकीनेही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, तर “हो का, छान” म्हणून पुन्हा पाळण्याकडे वळल्या. मला ते फार लागलं.

आमच्याकडे सहाव्या रात्री सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी समजूत. मी कपाटातून नवं पेन काढलं. लेकीने ते बाजूला सारलं आणि परीक्षेचे सगळे पेपर ज्याने लिहिले ते निळं पेन ठेवलं, टोपण चावलेलं. “याच्यानेच लिहू दे,” म्हणाली.

त्या रात्री मला आनंदीबाई जोशी आठवल्या. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि दहा दिवसांत मुलगा गेला. बारसंसुद्धा झालं नसणार. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना एम.डी. मिळाली, प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. घरचं माणूस तिथे हवंच होतं.

बारशाला रीतीप्रमाणे सगळं झालं. वरवंट्याला कुंची घालून तो आधी पाळण्याखालून-वरून फिरवला, मग बाळ. आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि पोरांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या. मग विहीणबाई उठल्या. लेकीची ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ. आता पाया पडून ती उठणार, तोच त्या म्हणाल्या, “थांब गं, अजून एक आहे.” पिशवीतून दुसरा खण आणि दुसरा नारळ काढला. “ती आई झालीस म्हणून. ही पदवी मिळवलीस म्हणून.” शेजारी निकालाचा छापील कागद ठेवून त्यालाही हळद-कुंकू लावलं. स्वतः सातवीत शाळा सोडलेली ही बाई. लेक तिच्या गळ्यात पडून रडली आणि मघाच्या त्याच बायका निकालाचा कागद हातोहात बघू लागल्या.

तुमच्या घरी बारसं ठरलं असेल आणि बाळाच्या आईने परीक्षा दिली असेल, नोकरी मिळवली असेल, काही पूर्ण केलं असेल, तर सामानाच्या यादीत एक नारळ जास्त लिहा.