शेतघरी पाहुणे : फ्रान्समधील शेतकऱ्यांचा शनिवार ते शनिवारचा जोडधंदा

शेतीला जोडधंदा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुभती जनावरे, कोंबड्या किंवा रेशीम उद्योग उभा राहतो. फ्रान्समधील अनेक शेतकरी कुटुंबे मात्र आपल्या आवारातील रिकामे घर शहरी कुटुंबांना सुट्टीसाठी आठवड्याच्या भाड्याने देतात. अशा घराला तेथे ‘जीत’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यापासून आपल्याकडेही पाहुण्यांसाठी खोल्या बांधण्याचा विचार पुष्कळजण करीत आहेत. बांधकामाला हात घालण्यापूर्वी या धंद्यात रोज काय करावे लागते, हे सत्तर वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या देशाकडून समजून घेणे हिताचे ठरेल.

सुरुवात कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या खेड्यांतील माणसे शहरांकडे गेली. ट्रॅक्टर आल्यामुळे गडीमाणसांची घरे, घोड्यांचे तबेले व जुनी कोठारे रिकामी पडली. कौले फुटली की पाणी मुरते आणि छप्पर गेले की दगडी भिंतही टिकत नाही. दुसरीकडे १९३६ मध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली होती. १९५६ मध्ये ती तीन आठवड्यांची झाली. रजा मिळाली, पण हॉटेलचा खर्च सर्वांना झेपणारा नव्हता.

या दोन गरजांची सांगड आल्प्सच्या दक्षिण भागातील सिनेटर एमिल ओबेर यांनी घातली. १९५१ मध्ये त्याच भागात पहिले जीत सुरू झाले व १९५५ मध्ये ‘जीत द फ्रान्स’ हा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. हा महासंघ घराची तपासणी करून दर्जा ठरवतो. दर्जाची खूण तारा नसून धान्याची ओंबी आहे. एकपासून पाच ओंब्यांपर्यंत. पुढे १९८८ मध्ये तेथील कृषी मंडळांनीही शेतावरील पाहुणचारासाठी स्वतंत्र जाळे उभारले.

घर की खोली?

या धंद्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. जीत म्हणजे स्वयंपाकघरासह पूर्ण घर. पाहुणे स्वतः शिजवून खातात. दुसरा प्रकार ‘शांब्र दोत’, म्हणजे यजमानाच्या राहत्या घरातील खोली. येथे सकाळची न्याहारी व चादरी-टॉवेल भाड्यातच द्यावे लागतात. कायद्याने जास्तीत जास्त ५ खोल्या व १५ पाहुणे एवढीच मर्यादा आहे. रात्रीचे जेवण दिल्यास ते एकाच टेबलावर व एकाच ठरलेल्या बेताचे असते.

खोल्यांच्या प्रकारात भांडवल कमी, पण कामाला सुट्टी नाही. सकाळचे दूध काढणे व पाहुण्यांची न्याहारी एकाच वेळी येतात. पूर्ण घर दिल्यास बांधकामाचा खर्च जास्त, पण काम आठवड्यातून एका दिवसावर येते. तो दिवस म्हणजे शनिवार.

शनिवारचे सहा तास

हंगामात घर सहसा शनिवार ते शनिवार दिले जाते. जुने पाहुणे सकाळी दहाच्या सुमारास जातात व नवे दुपारी चारनंतर येतात. मधल्या सहा तासांत पलंग झाडून चादरी बदलणे, शेगडी व फ्रीज पुसणे, संडास-न्हाणी धुणे, भांडी व चमचे यादीप्रमाणे मोजणे, अंगणातील गवत कापणे आणि पोहण्याच्या तलावाचे पाणी तपासणे ही कामे उरकावी लागतात. मोडतोड असेल तर जाणाऱ्या पाहुण्यासमक्षच पाहून अनामत रक्कम परत करावी लागते.

खरी अडचण पुढेच आहे. पाहुण्यांचा हंगाम जुलै-ऑगस्टचा आणि गव्हाची कापणीही बहुतेक भागांत त्याच सुमारास. शनिवारीच कापणी यंत्राची पाळी आली आणि आभाळ भरून आले, तर घरातील माणसांची ओढाताण होते. ऐन सुगीत घरी लग्न काढल्यासारखी ही अवस्था असते. अशा वेळी घराचे सगळे काम बहुधा गृहिणीच्या अंगावर पडते. म्हणून शनिवारी कोण काय करणार, हे धंदा सुरू करण्यापूर्वीच ठरवावे. मजूर लावणार असाल तर त्याची मजुरी हिशेबात धरावी.

उत्पन्नाचा हिशेब

वर्षाचे आठवडे ५२, पण हमखास भरणारे जुलै-ऑगस्टचे आठ ते नऊच. हिवाळी व वसंत सुट्ट्यांसाठी फ्रान्समधील शाळांचे तीन विभाग केले आहेत. त्यांच्या तारखा वेगवेगळ्या असल्याने डोंगराळ भागातील घरमालकांना थोडा लांब हंगाम मिळतो. इतरत्र हिवाळ्यात घर बहुधा बंदच राहते. तरीही विमा, कर व दुरुस्ती चुकत नाही. गोठवणारी थंडी पडण्यापूर्वी नळातील पाणी काढून टाकावे लागते, नाहीतर पाइप फुटतात.

म्हणून एक साधी कसोटी लावावी. कर्जाचा वार्षिक हप्ता केवळ हमखास भरणाऱ्या आठवड्यांच्या भाड्यातून निघतो का? निघत असेल तर पुढे जावे. बाकीचे आठवडे भरतील या आशेवर कर्ज काढल्यास हप्ता शेतीच्या पैशातून भरावा लागतो आणि शेतीला आधार म्हणून घेतलेला धंदा शेतीच खातो.

सुरक्षितता व तक्रारी

शहरी पाहुण्याला मैलाटाकी माहीत नसते. जंतुनाशके जास्त ओतली की टाकीतील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ओले कागदी रुमाल टाकले की नळी तुंबते. संडासात ठळक सूचना लावणे हाच स्वस्त उपाय आहे.

लहान मुले बुडण्याच्या दुर्घटनांमुळे फ्रान्समध्ये जानेवारी २००३ मध्ये कायदा झाला. त्यानुसार हंगामी भाड्याच्या घरांतील जमिनीत बांधलेल्या तलावांना १ मे २००४ पर्यंत कुंपण, धोक्याची घंटा, मजबूत आच्छादन किंवा छत यांपैकी एक व्यवस्था करणे बंधनकारक झाले. शेणखताचा खड्डा आणि ट्रॅक्टरचा फिरता दांडाही तेवढाच घातक असतो. गावातील मुलांना तो कळतो, पाहुण्यांच्या मुलांना कळत नाही.

आवाजावरूनही वाद होतात. ओलेराँ बेटावरील ‘मॉरिस’ नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध सुट्टीसाठी येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल कोंबड्याच्या बाजूने दिला. जानेवारी २०२१ मध्ये तर ग्रामीण भागातील आवाज व वास यांना वारसा मानणारा कायदाच झाला. तरीही कोर्टापर्यंत जाण्यापेक्षा, जाहिरातीतच कोंबडा, गोठा व शेणखताचा उल्लेख करणे बरे. ज्याला ते नको तो येणार नाही.

आपण काय घ्यावे?

१) नवीन बांधकामापूर्वी असलेली रिकामी वास्तू दुरुस्त होते का ते पाहावे.
२) पाहुण्यांचा व पिकांचा हंगाम एकाच कॅलेंडरवर मांडावा.
३) घरातील स्त्रियांचा कामाचा वेळ खर्चात धरावा व निर्णयात त्यांचे मत घ्यावे.
४) विहीर, शेततळे व यंत्रे यांना पहिला पाहुणा येण्यापूर्वी कुंपण करावे.
५) एका घरापासून सुरुवात करावी व दोन हंगामांचा हिशेब पाहून मगच वाढ करावी.

पाहुणा शेत पाहायला येतो. पाहुण्यांच्या सरबराईत शेतच मागे पडले, तर त्याला दाखवायला काही उरणार नाही, हे ध्यानात ठेवावे.