वरची खोली
मार्च २०२२. युक्रेनमधल्या खारकीवहून एक आई आणि तिची मुलगी बाड हॉम्बुर्गच्या आमच्या घरी वरच्या खोलीत आल्या. दोन आठवड्यांसाठी म्हणून. राहिल्या सात महिने. जूनपासून जॉबसेंटर ठराविक मर्यादेत भाडं देऊ लागलं, पण घर मिळेना! फ्रँकफर्ट एस-बानने वीसेक मिनिटांवर, त्यामुळे इथली भाडी त्या मर्यादेत क्वचितच बसतात. वर घरमालकांना हवा ‘शूफा’, म्हणजे उधारी थकली नसल्याचा दाखला. काल आलेल्या बाईकडे तो कुठला?

शेवटी शेजारच्या आजींनी तळमजला दिला. १९४६ साली सुडेटनलँडमधून हाकलल्यावर लहानपणी त्याही हेसेनमध्ये परक्यांच्या खोलीत राहिल्या होत्या. स्वयंपाकघरात मात्र नुसत्या भिंती, इथला रिवाजच तो! मी जुना कुकर दिला. आता ती विचारते, बोर्शला शिट्ट्या किती? मला काय माहीत!