गावचे जुने दप्तर आणि इतिहास-मंडळांचे कार्य

जालन्याचा मस्तगड इ. स. १७२५ मध्ये बांधला गेला, हे आज सांगता येते ते तेथील फारसी शिलालेखामुळे. दगड टिकला म्हणून साल टिकले. कागदाचे भाग्य तसे नसते. नवीन जालन्याच्या पेठेतील एखाद्या घरचे हिशेबाचे बाड, खेड्यातील कुलकर्ण्याचे दप्तर, मठातील पोथी, यांस वाळवी, ओल व रद्दीवाला यांपैकी कोणीतरी गाठतोच. घरातील मोडी वाचणारे वडीलधारे गेले म्हणजे घरच्या मंडळींसही ते केवळ ओझे वाटू लागते. असा कागद घराबाहेर प्रथम ज्याच्या दृष्टीस पडतो तो पुष्कळदा गावचा शिक्षक असतो. म्हणून इतिहास-मंडळे आपले काम कसे चालवितात हे शिक्षकांस ठाऊक असणे इष्ट होय.

महाराष्ट्रात या कार्यास चळवळीचे रूप आले ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या खटपटीने. गावोगाव हिंडून त्यांनी दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पुढे या मालेचे २२ खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. राजवाड्यांचे शेवटचे दिवस धुळ्यास गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी तेथे १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ निघाले. धुळ्याच्याच शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतील बाडे जमविली. समर्थांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यातले असल्याने येथील शिक्षकांस हे काम परके वाटू नये.

मंडळात कागद आला म्हणजे आधी त्याची नोंद होते, वाचन मागाहून. कोणी दिला, कोणत्या गावचा, कोणत्या गठ्ठ्यातला, हे टिपून घेतात व कागद कापडी रुमालात बांधून ठेवतात. हा क्रम कोणास कारकुनी वाटेल; परंतु इतिहासाचा जीव त्यातच आहे. एखाद्या पत्रात ‘मौजे मजकूरचे पाटील’ एवढेच लिहिलेले असते. ते गाव कोणते, हे त्याच गठ्ठ्यातील शेजारच्या कागदावरून कळते. सुंदर शिक्का दिसला म्हणून एकच कागद काढून घेतला, तर तो कागदही मुका होतो आणि मागे राहिलेला गठ्ठाही.

त्यानंतर मोडीचे बालबोध लिप्यंतर, काळाचा निर्णय व प्रकाशन. काळाचा निर्णय हे एक शास्त्रच आहे. शकात ७८ मिळविले म्हणजे सामान्यतः इसवी सन येतो. दक्षिणी फसलीत ५९० व शुहूर सनात ५९९ मिळवावे लागतात, आणि वर्षारंभ निरनिराळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. शुहूर सन तर अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. वाचलेले कागद मंडळाच्या त्रैमासिकातून व ग्रंथांतून छापले जातात. मोडीचे वर्गही चालतात. कागद राहिला आणि वाचणारा नाहीसा झाला, तर जतनाचा उपयोग काय?

जालन्याची अडचण थोडी निराळी आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, म्हणून संस्थानी काळाचे पुष्कळसे सरकारी दप्तर हैदराबादेत आहे व त्यात फारसी-उर्दूचा भरणा मोठा. जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यापूर्वीच्या इंग्रजी-मराठी कागदांत जालना शोधावयाचे तर औरंगाबाद या नावाखाली पाहावे लागते. घरोघरच्या कागदांना मात्र अशी सूची नाही. ते नष्ट झाले तर त्यांची दुसरी प्रत कोठेही मिळावयाची नाही.

स्थानिक शोधाचे फळ किती दूर पोचते, हे भोकरदनने दाखविले आहे. सांची व भरहुत येथील दानलेखांत ‘भोगवर्धन’ येथील दात्यांचा उल्लेख येतो. ते भोगवर्धन म्हणजेच भोकरदन. १९७३ मध्ये येथे उत्खनन झाले. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली; तिचे साम्य इटलीतील पॉम्पेई नगरीत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जुळते. चौथीच्या मुलास नकाशावर भोकरदन, सांची व पॉम्पेई ही तीन ठिकाणे दाखविली तर व्यापारमार्गांचा धडा निराळा समजावून द्यावा लागणार नाही.

विद्यार्थ्याने घरून जुना कागद आणला, तर तो शाळेत ठेवून घेऊ नये. पालकांस भेटून घरातील सर्व गठ्ठा आहे तसा पाहावा, बांधणी मोडू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. ती कालांतराने पिवळी पडते व शाईसह कागद ओढते. उन्हात वाळत घालू नये. कोरड्या जागी स्वच्छ सुती कापडात बांधून, जमिनीपासून उंच ठेवण्यास सांगावे. पालकांची संमती असल्यास प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे व सोबत गाव, घर, तारीख आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत एका वहीत लिहावी. मूळ कागद मंडळास द्यावा की घरीच ठेवावा, हा निर्णय घरच्यांचा; शिक्षकाने त्यात आग्रह धरू नये.