शून्यावर आलेला गुणाकार

क्रिप्टो-टोकन म्हटलं की डोळ्यांपुढे सोनेरी नाणं येतं. जाहिरातीत तेच चित्र असतं ना! प्रत्यक्षात टोकन म्हणजे एक खतावणी. एका रकान्यात पत्ता, दुसऱ्यात शिल्लक, आणि ती शिल्लक कुणी, केव्हा बदलायची याचे नियम. हे नियम ज्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात, त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. इथेरियमवर अशा टोकनांसाठी ‘ईआरसी-२०’ हा सामायिक नमुना २०१५ साली मांडला गेला.

मी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. नमुना समोर असताना यात अवघड ते काय, असं मला विचारतात. लिहिणं खरंच अवघड नाही. पण बँकेच्या संगणकात चूक सापडली तर रात्रीतून दुरुस्त करता येते. इथे ‘गॅस’ नावाचं शुल्क भरून प्रोग्रॅम एकदा जाळ्यावर चढवला, की त्याला स्वतःचा पत्ता मिळतो आणि तिथला मजकूर सहसा बदलता येत नाही. (बदलाची सोय आधीच करून ठेवणारेही असतात, मग तिची किल्ली कुणाकडे, हा नवा प्रश्न.) तपासायचं ते आधीच.

एप्रिल २०१८मध्ये ‘ब्यूटीचेन’ या टोकनाचं काय झालं ते पाहा. एकाच वेळी अनेकांना सारखी रक्कम पाठवायची सोय त्यात होती. माणसं गुणिले रक्कम, एवढं येणं पाठवणाऱ्याच्या खात्यात आहे का, हे प्रोग्रॅम पाहायचा. हिशेब बरोबरच वाटतो. पण जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा जसा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तशी संगणकातल्या आकड्यालाही हद्द असते. इथे ती तब्बल ७८ अंकी होती. कुणीतरी नेमकी त्या हद्दीच्या निम्मी रक्कम घेतली आणि दोन पत्त्यांवर पाठवली. गुणाकार आला शून्य! शून्य शिल्लक कुणाकडेही असतेच. प्रोग्रॅमने पाठवणाऱ्याकडून शून्य वजा केलं आणि दोघांच्या खात्यांत ७७ अंकी रक्कम जमा केली. टोकनाचा भाव कोसळला, बाजारात व्यवहार थांबवावे लागले. गंमत म्हणजे पुढच्या बेरीज-वजाबाकीला सुरक्षित पद्धत वापरलेली होती. तेवढा गुणाकारच उघडा राहिला होता.

दहा टोकनं पाठवली, दहा पोचली, एवढ्या चाचणीत ही चूक सापडणं शक्य नव्हतं. म्हणून मी आधी स्वतःच्या संगणकावर नकली जाळं उभं करतो आणि वेडेवाकडे आकडे घालतो: शून्य, हद्दीचा शेवटचा आकडा, शिल्लकीपेक्षा एकने जास्त. त्यानंतर टेस्टनेट, म्हणजे सरावाचं जाळं. सेपोलिया हे त्यातलंच, २०२१ साली सुरू झालेलं. तिथल्या इथरला बाजारभाव नाही, त्यामुळे चुका फुकटात होतात.

डिसेंबर २०२०मध्ये आलेल्या सॉलिडिटी भाषेच्या ०.८ आवृत्तीपासून हद्द ओलांडणारा हिशेब आपोआप अडवला जातो. पण नवी टोकनं छापायचा हक्क कुणाला, हे भाषेला कसं कळणार? ती चाचणी हातानेच लिहावी लागते. मालक नसलेल्या पत्त्यावरून छापण्याचा हुकूम द्यायचा. तो नाकारला गेला, तरच चाचणी पास.