बंद आकाशाचा भुर्दंड

गेल्या आठवड्यात आपण मोठ्या विमान कंपन्यांचा हिशेब पाहिला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत अमेरिकी संसदेने त्यांना ५ अब्ज डॉलर भरपाई आणि १० अब्ज डॉलरपर्यंतची कर्जहमी देऊ केली. सरकारच्या हुकमामुळे विमाने जमिनीवर राहिली, म्हणून नुकसान सरकारने सोसावे, हा त्यामागचा युक्तिवाद होता. तो रास्तच होता. फक्त छोट्यांपर्यंत पोचायला त्याला चार वर्षे लागली.

वॉशिंग्टनला लागूनच मेरीलँडमध्ये कॉलेज पार्क, पोटोमॅक आणि हाइड फील्ड हे तीन लहान विमानतळ होते. कॉलेज पार्क तर १९०९ पासूनचा; विल्बर राइटने लष्कराच्या पहिल्या वैमानिकांना तिथेच शिकवले. हल्ल्यानंतर तिन्ही बंद झाले. फेब्रुवारी २००२ मध्ये उघडले, तेही तिथल्याच विमानांपुरते. बाहेरच्या विमानांना परवानगी मिळायला फेब्रुवारी २००५ उजाडले. अशा ठिकाणचा धंदा चालतो तो इंधनविक्री, हँगरचे भाडे, दुरुस्ती आणि उड्डाण प्रशिक्षण यांवर. पाहुणे विमान उतरणार नसेल तर इंधन विकायचे कोणाला? त्यात वैमानिकाच्या बोटांचे ठसे घ्यायचे, त्याची पार्श्वभूमी तपासायची, मग त्याला गुप्त क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक उड्डाणाची पूर्वसूचना मागायची. एवढा जाच सोसण्यापेक्षा विमान तासाभराच्या अंतरावर नेऊन ठेवणे मालकाला सोपे. त्याचे चाक हलले की हँगरचे भाडेही गेले. विमा, पगार आणि धावपट्टीची देखभाल मात्र मागेच राहते. चार्टर कंपनी आपले जेट डलेसच्या मोठ्या विमानतळावर हलवू शकते, धावपट्टी कुठे हलवणार?

यावर कोणी म्हणेल, आकाश सरकारचे, आणि राजधानीशेजारी धंदा थाटणाऱ्याने ही जोखीम गृहीत धरायला हवी. शिवाय धोका काल्पनिक नव्हता: मे २००५ मध्ये वाट चुकलेल्या एका सेसना १५० मुळे व्हाइट हाउस आणि संसद भवन रिकामे करावे लागले. निर्बंध योग्यच होते असे मानू. पण निर्बंध योग्य असणे वेगळे आणि त्यांचा खर्च कोणी उचलायचा हे वेगळे. सुरक्षा सगळ्या देशाला मिळाली, बिल मात्र मूठभरांच्या नावे फाटले. आणि जोखीम धंद्याने गृहीत धरायची असेल, तर तोच न्याय मोठ्या कंपन्यांनाही लागला असता.

संसदेलाही हे अखेर पटले, पण कासवाच्या गतीने. २००३ च्या कायद्यात छोट्यांसाठी १० कोटी डॉलरपर्यंतची तरतूद कागदावर आली. प्रत्यक्षात २००६ च्या अर्थसंकल्पात निघाले १ कोटी ७० लाख, आणि तेही या तीन विमानतळांसह पाच ठिकाणच्या व्यावसायिकांत वाटायचे. त्यातून भरपाईचा नियम काही रुजला नाही. २०१७ पासून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प फ्लोरिडातल्या पाम बीचला आपल्या घरी आले की जवळचे लँटाना विमानतळ, सुमारे १८ किलोमीटर त्रिज्येच्या उड्डाणबंदीच्या वर्तुळात येत असल्याने, ठप्प होऊ लागले. मुक्काम बहुधा शनिवार-रविवारचा, म्हणजे प्रशिक्षण संस्था आणि आकाशात जाहिरातीचे फलक ओढणारे यांच्या ऐन कमाईचा. २०१८ च्या अर्थसंकल्पात अशा विमानतळांसाठी पुन्हा एक वेगळी तरतूद करावी लागली: ३५ लाख डॉलर.