दोन गिअरांमधली दरी

पाच टनांचा ट्रेलर ओढण्यासाठी डिझेल पिकअप ट्रक निवडताना अमेरिकेत 1990 च्या दशकात बरीच चर्चा होत असे ती मागच्या अ‍ॅक्सलच्या गुणोत्तराची, म्हणजे 3.54 घ्यावे की 4.10 याची. अ‍ॅक्सलमधल्या क्राउन या मोठ्या दंतचक्राच्या दात्यांना पिनियन या छोट्या दंतचक्राच्या दात्यांनी भागले की हे गुणोत्तर मिळते. पिनियनला 10 आणि क्राउनला 41 दाते असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला 4.10 फेरे घ्यावे लागतात आणि चाकाला मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ तितक्याच पटीने वाढतो. आकडा मोठा तितकी ओढ जास्त, हे खरेच आहे. पण तेवढ्यावर थांबणारा ग्राहक अर्धाच हिशेब मांडतो, कारण चाकापर्यंतचा जोर गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांच्या गुणाकाराने ठरतो, आणि डिझेलच्या बाबतीत त्या गुणाकारापेक्षाही एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे किती कोसळतात हे अधिक निर्णायक असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, जे 1989 च्या डॉज रॅम पिकअपमध्ये प्रथम बसवले गेले. त्याच बी मालिकेची इंजिने पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्स कारखान्यात तयार होऊन टाटांच्या मालवाहू ट्रकांना मिळाली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या महामार्गांना आणि गॅरेजांना हे घराणे परके नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यावर पिकअपमधील या इंजिनाची ताकद मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत 215 हॉर्सपॉवर होती आणि मिनिटाला 1,600 फेऱ्यांवर ते सुमारे 597 न्यूटन-मीटर टॉर्क देत असे, मात्र 2,700 च्या पुढे गव्हर्नर इंधन तोडू लागत असल्याने चालकाच्या हाती उपयुक्त असा जेमतेम अकराशे फेऱ्यांचा पट्टा राहत होता. पेट्रोल इंजिन चढावर पाच हजारांपर्यंत ताणता येते, डिझेलला ती मुभा नाही, आणि गिअरची सगळी गणिते या अरुंद पट्ट्यातच बसवावी लागतात.

हे गणित हाताने मांडता येते. या ट्रकला मूळ मापाचे, साडेतीस इंच व्यासाचे टायर असतील, तर चाक किलोमीटरमागे सुमारे 420 फेरे घेते, म्हणजे ताशी 100 किलोमीटरला मिनिटाला 700; या 700 ला अ‍ॅक्सलच्या आणि चालू गिअरच्या गुणोत्तराने गुणले की इंजिनाचे फेरे मिळतात. सुरुवातीच्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ज्यात शाफ्ट इंजिनापेक्षा जलद फिरतो असा वरचा गिअर, नव्हता. म्हणूनच तिच्याबरोबर 3.07 चा अ‍ॅक्सल दिला जात असे आणि शंभराच्या वेगाला इंजिन 2,150 च्या आसपास राहत असे. त्याच गिअरबॉक्सला 4.10 जोडला असता तर इंजिन 2,870 वर, म्हणजे मर्यादेपलीकडे गेले असते. पुढे आलेल्या एनव्ही4500 या पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये पाचव्याचे गुणोत्तर 0.75 असल्याने 3.54 चा अ‍ॅक्सल घेतल्यास इंजिन 1,858 वर, तर 4.10 घेतल्यास 2,152 वर फिरते. सपाट रस्त्यावर पहिले काटकसरीचे आहे. पण अ‍ॅक्सलची खरी परीक्षा घाटात होते.

कोलोरॅडोत आय-70 महामार्ग सुमारे 3,400 मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे सात टक्क्यांपर्यंतच्या चढाने जातो. ट्रक आणि ट्रेलर मिळून आठ टन वजन ताशी 70 किलोमीटरने तो चढ चढायचे ठरवले, तर केवळ वजन वर उचलण्यासाठी चाकांवर सुमारे 143 हॉर्सपॉवर लागते, आणि हवेचा रोध, टायरांचे घर्षण व गिअरांमधील नुकसान यांची भर वेगळी. आता 3.54 चा अ‍ॅक्सल आणि पाच गिअर असलेला चालक या वेगाला चौथ्यात, म्हणजे 1.00 च्या सरळ गिअरमध्ये असेल, तर इंजिन 1,735 वर असते आणि पूर्ण टॉर्क लावूनही 145 हॉर्सपॉवरच देते. त्याने तिसरा टाकायचा म्हटला तर 1.67 च्या गुणोत्तरामुळे फेरे 2,900 ला टेकतात आणि गव्हर्नर आडवा येतो. म्हणजे ताकद इंजिनात आहे, पण तिच्यापर्यंत नेणारा गिअरच नाही, आणि ट्रक तिसऱ्याला मानवेल इतका, साठ-पासष्टपर्यंत मंदावल्याशिवाय चालकाची सुटका होत नाही.

अशा वेळी बहुतेक जण 4.10 कडे वळतात. त्याने चौथ्यातले फेरे 2,009 होतात आणि दिलासा मिळतो, पण सपाटीवरच्या प्रत्येक किलोमीटरला त्याची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते, आणि तिसऱ्या-चौथ्यामधली दरी जिथल्या तिथेच राहते. खरा इलाज 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एनव्ही5600 या सहा गिअरच्या मॅन्युअलने केला, ज्यात 2.04 आणि 1.00 यांच्या मधोमध 1.39 चा गिअर आहे. तेच इंजिन आणि तोच 3.54 चा अ‍ॅक्सल धरला, तरी 70 च्या वेगाला या गिअरमध्ये इंजिन 2,411 वर, म्हणजे दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवर देणाऱ्या टप्प्यावर राहते, आणि सहावा 0.73 चा असल्याने सपाटीवरची काटकसरही शाबूत राहते. वर्षाकाठी दोन-चारदाच घाट चढणाऱ्याला पाच गिअर आणि 3.54 पुरतात, ज्याचा ट्रेलर आठ टनांकडे झुकतो किंवा ज्याला रोज चढावर थांबून पुन्हा निघायचे असते, त्याने मात्र सहा गिअर असूनही 4.10 च घ्यावा.

ऑटोमॅटिकचा हिशेब थोडा निराळा आहे. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून पुढे देतो, त्यामुळे जागेवरून निघताना तो वरदान ठरतो, पण चढावर त्याची दोन्ही टोके एकमेकांना लॉक न झाल्यास घसरणीची सगळी ऊर्जा तेल तापवण्यात जाते. नंतर आलेल्या, ओव्हरड्राइव्ह असलेल्या ऑटोमॅटिकची सहनशक्ती कमी असल्याने 1996 ते 1998 या काळात तेच इंजिन ऑटोमॅटिकसोबत 180 हॉर्सपॉवरवर आवरलेले होते. म्हणून अशा ट्रकवर भार असताना चढाला ओव्हरड्राइव्ह बंद ठेवावा आणि तेलाला मोठा कूलर द्यावा. मॅन्युअलमध्येही पाचव्यात कमी फेऱ्यांवर जड भार ओढू नये. एनव्ही4500 मध्ये पाचव्या गिअरचा नट सैल होणे हे जुने, परिचित दुखणे आहे.

गुणोत्तर ठरवण्याआधी टायरचे माप पक्के करावे लागते, कारण 35 इंचांचे टायर चढवले की 4.10 चा अ‍ॅक्सल 3.57 सारखा वागू लागतो. चारही चाकांना जोर देणाऱ्या ट्रकमध्ये पुढचे आणि मागचे दोन्ही क्राउन-पिनियन एकाच गुणोत्तराचे लागतात, त्यामुळे नंतर अ‍ॅक्सल बदलण्याचा खर्च दुप्पट होतो. उतारावरही हाच विचार करावा लागतो: डिझेलला थ्रॉटलची झडप नसल्याने त्याचे स्वतःचे इंजिन-ब्रेकिंग दुबळे असते, धुराची वाट अडवणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचा रोध फेऱ्यांबरोबर वाढतो, आणि जो मधला गिअर चढताना 2,400 वर ताकद देतो तोच उतरताना इंजिनाला तितक्याच फेऱ्यांवर धरून चाकांचे ब्रेक थंड ठेवतो.