आकाशातला अणुस्फोट आणि बांधावरची डीपी

सीमेवर तणाव वाढला की मोबाइलवर एका जातीचे व्हिडिओ हमखास फिरू लागतात. शत्रूने अवकाशात एकच अणुबॉम्ब फोडायचा. खाली ना धमाका, ना आग, पण क्षणात सगळा देश अंधारात. मोबाइल मेले, ट्रॅक्टर जागच्या जागी थांबले, गावोगावच्या डीपी, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, जळून गेल्या आणि वर्षभरात दहातली नऊ माणसं उपासमारीने संपली. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावात यातल्या अंधाराचं कुणाला फारसं अप्रूप नाही. तीन फेज कधी येणार, उडालेला डीओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, कोण टाकणार, जळालेली डीपी कधी बदलून मिळणार, हे तिथल्या शेतकऱ्याचे रोजचेच प्रश्न. तेव्हा व्हिडिओतलं खरं किती आणि तिखटमीठ किती, हे डीपीपासूनच तपासलेलं बरं.

आधी एक मान्य करायला हवं. ही गोष्ट थाप नाही. अणुस्फोटातून निघालेले गॅमा किरण वीस ते चाळीस किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेवर आदळतात आणि तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना वळवतं आणि त्या वळण्यातून रेडिओलहरींचा एक जबर झटका जमिनीकडे येतो. यालाच विद्युतचुंबकीय स्पंद म्हणतात, बोलीत ईएमपी. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला. चाचणीचं नाव ‘स्टारफिश प्राइम’. तिथून सुमारे १४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यावरचे तीनशेच्या आसपास दिवे गेले, चोरघंट्या आपोआप वाजू लागल्या, कवाई बेटाचा टेलिफोन दुवा तुटला.

मात्र हवाईची वीज त्या रात्री गेली नाही. व्हिडिओवाले नेमकं एवढंच गाळतात.

याउलट, फक्त हवाईचा दाखला देऊन ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांनी कझाकस्तानकडे पाहावं. २२ ऑक्टोबर १९६२, म्हणजे क्युबाच्या क्षेपणास्त्रांवरून जगाचा श्वास अडकला होता तोच दिवस. सोव्हिएत संघाने २९० किलोमीटर उंचीवर ३०० किलोटनचा बॉम्ब फोडला. स्टारफिशच्या मानाने हा बॉम्ब बराच लहान, पण फुटला तो माणसांच्या, तारांच्या आणि वीजकेंद्रांच्या डोक्यावर. रशियन शास्त्रज्ञांनी पुढे दिलेल्या माहितीनुसार ५७० किलोमीटर लांबीच्या टेलिफोन लाइनवरचे सगळे फ्यूज उडाले. जमिनीखाली जवळजवळ तीन फूट पुरलेली, हजार किलोमीटर लांबीची वीजकेबल बंद पडली. काही ठिकाणी तारांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर फुटून लाइन खाली आली. म्हणजे बॉम्ब किती मोठा यापेक्षा खाली तार किती लांब, याला जास्त महत्त्व.

आता ‘कुठलाही अणुबॉम्ब फुटला की वीज गेलीच’ हा समज. पोखरणला १८ मे १९७४ रोजी आणि पुन्हा ११ व १३ मे १९९८ रोजी जे स्फोट झाले, ते भूमिगत होते. देशात कुणाचा बल्बही लुकलुकला नाही. हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून सहाशे मीटरच्या आत फुटला. शहर बेचिराख झालं, पण ते उष्णतेने आणि हवेच्या दाबाने. तिथल्या ट्रामचा एक टप्पा तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, पुन्हा सुरू झाला होता. जमिनीलगतच्या स्फोटातूनही स्पंद निघतो, पण त्याचा पल्ला काही किलोमीटरांचा, आणि त्या पल्ल्यात असणाऱ्याला विजेची चिंता करायला सवड नसते. देशभर पसरणारा स्पंद हवा असेल तर बॉम्ब वातावरणाच्या वरच न्यावा लागतो. ४०० किलोमीटर उंचीवरून क्षितिज जवळपास २२०० किलोमीटरवर दिसतं, म्हणून पल्ला एवढा. मात्र त्या सगळ्या वर्तुळात झटका सारखा नसतो. चुंबकीय क्षेत्राच्या दिशेप्रमाणे तो कुठे तीव्र, कुठे मंद.

दुसरा घोळ असा, की स्पंद म्हणजे एकच फटका असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात त्याचे तीन भाग आहेत. पहिला, ई-१, सेकंदाच्या काही अब्जांश भागात चढतो आणि लगेच ओसरतो. मानकांमध्ये त्याची कमाल तीव्रता मीटरला ५० हजार व्होल्ट धरतात. हा इलेक्ट्रॉनिक्सचा वैरी. दुसरा, ई-२, बराचसा विजेच्या कडकडाटासारखा. तिसरा, ई-३, सावकाश येतो, काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकतो आणि लांब पारेषण वाहिन्यांमध्ये जवळजवळ एकदिश प्रवाह घुसवतो. घरातला रेडिओ त्याला ओळखतही नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे मोठमोठे ट्रान्सफॉर्मर.

मग बांधावरच्या डीपीचं काय? दोन खांब, मध्ये आडवा लोखंडी अँगल, वर तीन डीओ, त्यांच्याशेजारी तीन एलए, म्हणजे लाइटनिंग अरेस्टर, आणि खाली बाजूंना पत्र्याचे पंख असलेली तेलाची टाकी. ११ हजार व्होल्ट आत, ४३३ व्होल्ट बाहेर. या डीपीच्या ११ केव्हीच्या बाजूची गुंडाळी डेल्टा जोडणीची असते. तिला जमिनीत जोडायला न्यूट्रलच नसतो. ई-३ च्या प्रवाहाला आत शिरून जमिनीत उतरायला त्या बाजूने वाटच सापडत नाही. त्यामुळे ‘गावागावांतली प्रत्येक डीपी जळेल’ हे विधान ई-३ पुरतं चुकीचं आहे.

ई-१ ची गोष्ट वेगळी. उघड्या ११ केव्ही लाइनवर तो मोठा व्होल्टेज चढवू शकतो. इन्सुलेटरवरून ठिणगी उडू शकते, गुंडाळीचं इन्सुलेशनही फुटू शकतं. अमेरिकेत खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर अशा झटक्यांच्या चाचण्या झाल्या. अरेस्टर नसलेले काही ट्रान्सफॉर्मर गेले. ज्यांच्या अंगालाच अरेस्टर बसवले होते ते वाचले. ‘एलए विजेसाठी असतो, अणुस्फोटापुढे त्याचं काय चालणार’ हा समज या चाचण्यांनी बराच खोडला. अट एवढीच, की एलए जागेवर हवा आणि त्याची अर्थिंगची तार जमिनीपर्यंत पोचलेली हवी. तार तुटून लोंबकळत असेल तर तो नुसती शोभा.

खरी काळजी बेंबळीपासून दूर, सोलापूरसारख्या ठिकाणी आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी एकत्र आली. तेव्हापासून बेंबळीच्या विहिरीवरची मोटार आणि केरळातला पंखा एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर चालतात. अशा अतिउच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीत थेट जोडलेला असतो, वाहिन्या शेकडो किलोमीटर लांब असतात, आणि ई-३ ला नेमकं हेच हवं असतं. एकदिश प्रवाह शिरला की ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने अर्ध्या चक्रात संपृक्त होतो. तो तापतो, प्रवाहाचा आकार बिघडवतो आणि ग्रीडकडून भलतीच रिअॅक्टिव्ह पॉवर ओढू लागतो. व्होल्टेज ढासळतं, संरक्षक यंत्रणा एकेक लाइन पाडत जाते.

हे कागदावरचं गणित नाही. १३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडातल्या क्युबेक प्रांताची ग्रीड दीड मिनिटात कोसळली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. कारण अणुबॉम्ब नव्हता. सौर वादळ होतं. सौर वादळ जमिनीवर जे करतं ते ई-३ सारखंच.

म्हणून ‘सौर वादळ आणि ईएमपी एकच’ असंही सर्रास म्हटलं जातं. तेही अर्धंच खरं. सूर्याकडून ई-१ येत नाही, आणि सूर्य पूर्वसूचना देतो. भारताचं ‘आदित्य-एल१’ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून त्याच्यावर नजर ठेवून आहे. बॉम्ब अशी सवलत देत नाही. सौर वादळाचा जोर ध्रुवांकडे जास्त, हे खरं. पण महाराष्ट्र त्यापासून अगदीच अलिप्त आहे असं समजू नये. १८५९ च्या सप्टेंबरात इतिहासातलं सर्वांत गाजलेलं सौर वादळ आलं, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आल्याची नोंद झाली. आजही जगभरचे अभ्यासक त्या वादळाचा जोर मोजताना कुलाब्याचा कागद काढतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय वेधशाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवावी लागली. ट्रामच्या प्रवाहाने सुया बिथरल्या असत्या.

जमिनीचाही यात हात असतो. कठीण खडक वीज नीट वाहू देत नाही, मग प्रवाह तारांचा रस्ता धरतो. क्युबेक प्राचीन कठीण खडकावर वसलेलं आहे, हे त्याच्या दुर्दैवाचं एक कारण. शेजारच्या किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोल विंधन घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टच्या खाली असाच प्राचीन खडक लागला. वर काळी, ओल धरणारी माती दिसते म्हणून खालीही तसंच असेल असं नाही.

मोबाइल आणि ट्रॅक्टरबाबत मात्र व्हिडिओवाल्यांनी मोकळेपणी कल्पना लढवल्या आहेत. स्पंद ऊर्जा गोळा करतो ती तारेच्या लांबीवर. चार्जरला न लावलेला, खिशातला मोबाइल वाचण्याची शक्यता बरीच. त्याचा टॉवर आणि त्या टॉवरची वीज वाचेल का, हा वेगळा प्रश्न. जुन्या डिझेल ट्रॅक्टरचं इंजीन एकदा सुरू झालं की त्याला इलेक्ट्रॉनिक्स लागतच नाही. अमेरिकी संसदेने नेमलेल्या ईएमपी आयोगाने ३७ मोटारी आणि १८ ट्रक प्रयोगशाळेत झटक्याखाली धरले. बहुतेकांत किरकोळ गडबडीपलीकडे काही झालं नाही, काही बंद पडून पुन्हा सुरू झाले. गाड्या त्या काळच्या होत्या, आजच्या गाड्यांत संगणक जास्त. तरी ‘सगळं जागीच ठप्प’ हे चित्र त्यातून निघत नाही. बेंबळीच्या शिवारात याचा एक उफराटा अर्थ निघतो. लोखंडी पेटीतला साधा स्टार्टर आणि मोटार बऱ्यापैकी दणकट. नाजूक ठरेल तो नव्या सौर पंपाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, कारण त्याला दोन्हीकडून लांब तारा जोडलेल्या असतात.

आणखी एक खास आपल्याकडची वदंता, ‘काली’ची. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात शत्रूची क्षेपणास्त्रं आणि वीज गुपचूप संपवणारं अस्त्र तयार आहे, असं छातीठोक सांगितलं जातं. २०१२ मध्ये सियाचिन भागात पाकिस्तानी तळावर कोसळलेला हिमकडाही तिच्याच खात्यावर मांडला गेला. ‘काली’ म्हणजे किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर, इलेक्ट्रॉनांचे अतिजोरदार झटके देणारा प्रवेगक. त्याचा एक उपयोग आपलीच इलेक्ट्रॉनिक उपकरणं अशा झटक्यात टिकतात का हे तपासण्यासाठी होतो. कित्येक टन वजनाचं हे यंत्र प्रयोगशाळेतलं आहे.

राहिली ती दहातली नऊ माणसं. हा आकडा कुठल्याही मोजणीतून आलेला नाही. २००९ च्या एका अमेरिकी कादंबरीने तो लोकप्रिय केला. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये तीन वर्षांच्या अभ्यासानंतर सांगितलं, की अशा स्फोटाने काही राज्यांपुरती ग्रीड कोसळू शकते, रिले आणि नियंत्रण यंत्रणा बिघडू शकतात, पण मोठे ट्रान्सफॉर्मर थोडेच निकामी होतील. ईएमपी आयोगाशी संबंधित जाणकारांनी त्यावर आक्षेप घेतला, झटक्याची तीव्रता कमी धरली म्हणून. वाद अजून मिटलेला नाही. इतकं मात्र दोन्ही बाजू मानतात, की मोठा ट्रान्सफॉर्मर गेला तर तो दुकानातून आणता येत नाही. मागणीनुसार बनवून यायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं. ग्रीड किती दिवसांत उभी राहील, हे पर्यायी ट्रान्सफॉर्मर हाताशी किती आहेत आणि बाहेरच्या विजेशिवाय सुरू होणारी जलविद्युत केंद्रं किती सज्ज आहेत, यावर ठरतं.

आणि ग्रीड पडायला अणुबॉम्बच लागतो, हा तर सगळ्यात भाबडा समज. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीड कोसळून साठ कोटींहून जास्त लोकांच्या भागातली वीज गेली. कारण होतं वाहिन्यांवरचा ताण आणि एकामागून एक झालेलं ट्रिपिंग. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या. शहराला संकटात बाकीच्या ग्रीडपासून तोडून वेगळं चालवण्याची ‘आयलँडिंग’ व्यवस्था असूनही ती त्या दिवशी तरली नाही. सायबर हल्ल्याची चर्चा झाली. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मार्च २०२१ मध्ये मानवी चुकीकडे बोट दाखवलं.

म्हणून पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला, तर तो पुढे ढकलण्याआधी आपल्या डीपीपाशी जाऊन लांबूनच वर पाहा. तिन्ही एलए जागेवर आहेत का, अर्थिंगची तार जमिनीत गेली आहे का? खांबावर चढू नका, ते वायरमनचं काम. एलए नसतील तर महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पावसाळ्यातल्या विजेपासूनही डीपी त्यानेच वाचते.